पान संपले, ओळ संपली नाही

आमच्या घरात गेल्या वर्षी, दसरा आणि दिवाळी यांच्यामधल्या वीस दिवसांत, एक ओळ हरवली. घरात किल्ली हरवते, चष्मा हरवतो, क्वचित एखादा दागिनाही हरवतो. आणि अशा वेळी कोठे कोठे हात घालून पाहायचे हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. पण ओळ हरवली तर ती कोणत्या कपाटाखाली शोधायची? त्यातून ती ओळ आप्पांची होती. त्यामुळे फराळाच्या भाजणीपेक्षा घरातले वातावरणच अधिक भाजून निघाले.

आप्पा म्हणजे माझे वडील. साक्री तालुक्यातल्या खेड्यापाड्यांतून त्यांनी पस्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. गावकरी त्यांना अजूनही ‘गुरुजी’ म्हणतात. शाळा सुटल्यावर इतर शिक्षक घराकडे वळत. आप्पा पाटाकडे वळत. आमच्या भागात पांझरा आणि कान या नद्यांवर दगडी बंधारे घालून, पाट काढून, सगळ्या गावाने मिळून पाणी वाटून घेण्याची जुनी रीत आहे. तिला ‘फड पद्धत’ म्हणतात. ती तीन-चारशे वर्षांची असावी असे जाणकार सांगतात. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार फड पाडायचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, आणि पाणी ज्याच्या त्याच्या पाळीप्रमाणे द्यायचे. शेतकऱ्याने आपल्या हाताने बांध फोडायचा नाही. ते काम पाटकऱ्याचे. पिकाची राखण जागल्याची. या सगळ्या व्यवहाराचे शब्द, म्हणी, नियम आणि भांडणेसुद्धा आप्पांनी अकरा वह्यांत लिहून ठेवली आहेत. अर्धी मराठीत, अर्धी अहिराणीत.

त्या वह्यांचे पुस्तक करावे असे ठरले, आणि मी त्या संगणकावर उतरवू लागलो. दोन वर्षांत दोनशे चाळीस पाने झाली. एवढ्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले की, आप्पांच्या डोळ्यांतल्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला आहे. चष्म्याने ते सुधारणार नाही. अक्षर मोठे असेल तर आणखी काही महिने वाचता येईल. पुढचे सांगता येत नाही.

तेव्हा हस्तलिखित तपासण्याला एकदम मुदत आली. ते शब्द तपासू शकेल असा माणूस एकच होता, आणि त्याची नजर उतरणीला लागली होती.

ओळ कशी हरवली

मी संगणकावर अक्षर दुप्पट मोठे केले, आप्पांना खुर्चीत बसवले आणि ‘पुढचे पान’ ही कळ दाखवून दिली. माझ्याजवळच्या लेखन-साधनात एका वेळी एकच पान दिसे. कळ दाबली की ते पान जाई आणि दुसरे येई. अक्षर लहान असताना यात काही गैर वाटत नव्हते. पण अक्षर दुप्पट झाले तसे पानही दुप्पट झाले, आणि एका पानाचे जवळजवळ अडीच पडदे झाले. वरचा भाग, मधला भाग, खालचा अर्धामुर्धा भाग, मग तळाचा पांढरा समास, पानाचा आकडा, आणि एकदम झटका बसून पुढच्या पानाचा माथा!

एकशे बाराव्या पानाच्या तळाशी एक वाक्य सुरू होत होते आणि एकशे तेराव्याच्या माथ्यावर संपत होते. आप्पांनी वाक्याचा पहिला तुकडा वाचला, कळ दाबली. नवे पान आले. त्यांची नजर वरचा समास ओलांडून, प्रकरणाचे नाव ओलांडून पहिल्या ओळीपर्यंत पोचायला वेळ लागला. पोचली तेव्हा मागचा तुकडा हातून निसटला होता. ते मागे गेले, पुन्हा पुढे आले. शेवटी हाक आली, “मन्ही ओळ कोठे गयी रे?”

ओळ कोठेही गेली नव्हती. पण मी कॉलेजातून थकून आलो होतो. मी म्हणालो, “सांगा, पुन्हा घालतो.” त्यांनी सांगितली, मी घातली. दुसऱ्या दिवशी तीच ओळ दोनदा आलेली दिसली म्हणून मी एक खोडली, आणि खोडताना नेमकी खरी खोडली. नव्याने सांगितलेल्या ओळीत जुना एक शब्द नव्हता. ते आप्पांच्या ध्यानात आले. “तू माझे पुस्तक कापतो आहेस,” ते म्हणाले. त्यानंतर दोन दिवस आम्ही एकमेकांशी आमटी-भाजीपुरतेच बोललो.

आता कोणी म्हणेल की यात संगणकाचा काय दोष? वाचणाऱ्याने सावकाश वाचावे. मलाही प्रथम तसेच वाटले. पण दिवाळीच्या सुट्टीत माझा एक माजी विद्यार्थी पुण्याहून घरी आला, भेटायला म्हणून डोकावला, आणि चहा निवेपर्यंत त्याने मला पटवून दिले की दोष सावकाशीचा नसून सांध्याचा आहे.

गुंडाळी, पोथी आणि पुस्तक

हा मुलगा संगणकाची विद्या शिकला असून चार मित्रांबरोबर मराठी लेखनासाठी एक लहानसे साधन करीत होता. तो म्हणाला, “सर, पाने एकाखाली एक चिकटवून सलग वाहती ठेवली की आजोबांचा त्रास संपेल. आम्ही तेच करीत आहोत; पण दिसते तितके ते सोपे नाही.”

पाने एकाखाली एक चिकटवायची, हे ऐकताच मला धुळ्याची आठवण झाली. साक्रीहून धुळे म्हणजे सुरतेच्या रस्त्याने तासा-दीड तासाचा प्रवास. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२६ च्या डिसेंबरअखेर तेथेच देह ठेवला, आणि दुसऱ्याच वर्षी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. तेथेच समर्थ वाग्देवता मंदिर आहे. समर्थांच्या हातचे म्हणून जपलेले वाल्मीकि रामायण तेथे आहे. मराठीच्या अध्यापकाला जुने कागद पाहण्याचे वेड असतेच. अशा दप्तरांतून हिंडताना दोन तऱ्हेचे लिखाण आढळते. एक पोथी: सुटी, आडवी पाने, दोन फळ्यांत ठेवून फडक्यात बांधलेली. वाचून झालेले पान उचलायचे आणि पलीकडे ठेवायचे. दुसरे मोडी कागद: मजकूर लांबला की कारकून नवे पान घेत नसे, कागदाच्या तळाला दुसरा कागद डकवीत असे, त्याला तिसरा. अशी लांबच लांब पट्टी होई आणि तिची गुंडाळी करून ठेवीत. अर्थात सांध्याच्या ठिकाणी लबाडीला वाव होता. एखादा तुकडा काढून दुसरा डकवला तर कळणार कसे? म्हणून जोडावर पाठीमागून शिक्का उठवीत. अर्धा वरच्या कागदावर, अर्धा खालच्या. शिक्का जुळला म्हणजे मजकूर शाबूत.

जगभर असेच होते. मृत समुद्राच्या काठी १९४७ सालापासून ज्या प्राचीन गुंडाळ्या सापडल्या, त्यांतली यशयाची गुंडाळी चामड्याचे सतरा तुकडे शिवून केलेली आणि सात मीटरांहून लांब आहे. पुढे युरोपात बांधलेले पुस्तक आले आणि चार-पाच शतकांत गुंडाळी मागे पडली. कारण उघड होते. पुस्तक मध्येच उघडता येते, पानाला आकडा देता येतो, सूची करता येते. गुंडाळीत शेवट पाहायचा तर सारी उलगडावी लागते.

म्हणजे माणसाने सलगपणा सोडला आणि ठिकाण मिळवले. सौदा वाईट नव्हता. पण सलगपणाची ओढ गेली नाही. अमेरिकन लेखक जॅक केरुॲक याने १९५१ साली कागद चिकटवून एकशे वीस फूट लांब पट्टी केली आणि ती टंकलेखन यंत्रात घालून आपली कादंबरी लिहिली. पान बदलायला थांबले की विचार तुटतो, हे त्याचे म्हणणे.

संगणकाच्या पडद्यावर ही गुंडाळी पुन्हा अवतरली. आपण ‘स्क्रोल’ करतो म्हणतो, त्या शब्दाचा मूळ अर्थच गुंडाळी. आरंभी संगणक कागदाच्या रिळावर उत्तरे छापीत असे. पुढे पडदा आला तरी ओळी तशाच खालून वर सरकत आणि माथ्यावरून नाहीशा होत. कागदावर उतरेल तसेच पान पडद्यावर दाखवण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील प्रयोगशाळेत झाला; बटलर लॅम्पसन, चार्ल्स सिमोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली ‘ब्राव्हो’ नावाचे लेखन-साधन केले. ज्या ‘आल्टो’ संगणकावर ते चाले त्याचा पडदाही कागदासारखा उभा होता: ६०६ ठिपके रुंद, ८०८ ठिपके उंच. आज आपल्या घरातले पडदे आडवे झाले आहेत, सिनेमाच्या सोयीचे. पान मात्र उभेच राहिले. उभे पान आडव्या खिडकीतून पाहायचे, येथेच आप्पांच्या त्रासाचे मूळ होते.

दोनशे चाळीस पानांची पट्टी

“मग चिकटवा ना पाने,” मी म्हणालो. “अडचण कसली?”

त्याने कागद घेतला आणि हिशेब मांडला. समजा, एक पान पडद्यावर ११०० ठिपके उंच आहे. दोन पानांत २० ठिपक्यांची फट ठेवली. म्हणजे प्रत्येक पानाला ११२०. दोनशे चाळीस पानांची पट्टी झाली २,६८,८०० ठिपके उंच. पान ७८० ठिपके रुंद धरले, आणि प्रत्येक ठिपक्याच्या रंगाची नोंद ठेवायला चार बाइट लागतात असे धरले, तर सगळ्या पट्टीचे चित्र तयार ठेवायला सुमारे ८४ कोटी बाइट जागा हवी. अक्षर दुप्पट केले की उंचीही दुप्पट, रुंदीही दुप्पट. म्हणजे जागा चौपट. एवढे ओझे घेऊन बसलेला साधा संगणक धापा टाकू लागेल.

“आणि एवढे सगळे कशासाठी?” तो म्हणाला. “खिडकीत एका वेळी दिसते किती? फार तर दोन पानांचे तुकडे.”

म्हणून युक्ती अशी, की पट्टी खरोखर तयार करायचीच नाही. फक्त तिचे माप ठेवायचे. कोणते पान कोठे सुरू होते याचा एक तक्ता करायचा. वाचणारा पट्टीवर ५०,००० व्या ठिपक्यापाशी आला की भागाकार करायचा: चव्वेचाळीस पाने संपून ४९,२८० झाले, म्हणजे आपण पंचेचाळिसाव्या पानावर ७२० ठिपके खाली आहोत. मग ते पान आणि त्याच्या शेजारची पाने तेवढी रेखाटायची. वाचणारा पुढे सरकला की मागचे चित्र टाकून द्यायचे आणि पुढचे आधीच तयार ठेवायचे. बाकीची पाने म्हणजे नुसती मोजून सोडलेली कोरी जागा.

सगळी पाने सारख्या उंचीची नसतील तर? मग दुकानदार खातेवहीत ‘मागील पानावरून’ म्हणून बेरीज पुढे आणतो तशी चालती बेरीज ठेवायची. आणि हवे ते पान शोधायला पहिल्यापासून मोजत बसायचे नाही. शब्दकोशात शब्द पाहताना आपण मधोमध उघडतो, मग अलीकडचा अर्धा की पलीकडचा ते ठरवतो, त्याचेही अर्धे करतो. या रीतीने दोनशे चाळीस पानांतले कोणतेही पान जास्तीत जास्त आठ खेपांत सापडते.

आप्पा दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हते. पण ऐकत मात्र होते. ते कोपऱ्यातून म्हणाले, “म्हणजे पाटकऱ्यासारखे. पाट सगळ्या शिवारातून जातो, पण पाणी ज्या फडाची पाळी त्याच फडात. पुढच्या फडाची चारी मात्र आधी साफ करून ठेवायची, म्हणजे पाणी वळवले की खोळंबा नको.”

मुलगा माझ्याकडे पाहातच राहिला. म्हणाला, “सर, आम्हाला कॉलेजात हे समजायला एक सत्र लागले होते.”

खूण कशाला बांधायची?

पण खरी मेख पुढेच होती. छापून पक्क्या झालेल्या पानांची पट्टी करणे एकवेळ सोपे. लेखन-साधनात मजकूर जिवंत असतो. तिसऱ्या पानावर दोन ओळी घातल्या की चौथ्याच्या दोन ओळी पाचव्यावर जातात, आणि ही ढकलाढकल शेवटपर्यंत पोचू शकते. दर अक्षरामागे दोनशे चाळीस पाने नव्याने मांडायची म्हटले तर लिहिणाऱ्याचा हात अडेल. म्हणून बदललेल्या परिच्छेदापासून मांडणी करीत जायचे, आणि एखाद्या पानाची सुरुवात पूर्वीच्याच अक्षरापाशी आली की तेथे थांबायचे. त्यापुढचे सारे जुनेच चालते.

याहून नाजूक गोष्ट वाचणाऱ्याच्या नजरेची. समजा, तुम्ही नव्वदाव्या पानावर वाचीत आहात आणि वर कोठेतरी एक चित्र मोठे झाले. तुम्ही कोठे आहात हे साधनाने जर ठिपक्यांत लक्षात ठेवले असेल, तर पट्टीवरची तुमची जागा तीच राहते, पण मजकूर खाली सरकतो, आणि डोळ्यांसमोरची ओळ निसटते. वर्तमानपत्राची बातमी मोबाइलवर वाचताना वर जाहिरात उगवते आणि आपण वाचीत असलेला परिच्छेद एकदम गडप होतो, हा अनुभव कोणाला नाही?

यावर उपाय एकच. खूण उंचीला बांधायची नाही, अक्षराला बांधायची. वाचणारा अमुक परिच्छेदातल्या अमुक अक्षरापाशी आहे आणि ते अक्षर पडद्याच्या माथ्यापासून इतके खाली आहे, एवढेच लक्षात ठेवायचे. वर काहीही उलथापालथ होवो. नवी मांडणी झाली की ते अक्षर पुन्हा त्याच जागी आणून उभे करायचे. वाचणाऱ्याला काही घडल्याचे कळताही कामा नये.

हे ऐकून मी जरा अंतर्मुख झालो. मीही आप्पांची ओळ शोधताना ‘एकशे बाराव्या पानाच्या तळाशी’ एवढीच खूण धरली होती. मधल्या काळात मी वर दोन परिच्छेद घातले होते, तेव्हा तो तळ आता पूर्वीचा तळ राहिला नव्हता. शब्दाची खूण धरली असती तर खरी ओळ खोडली गेली नसती.

आपल्या लिपीची तऱ्हाही वेगळी. रोमन लिपीत अक्षरे एकापुढे एक ठोकळ्यासारखी बसतात. आपला ‘क्षि’ पाहा. दिसायला एक अक्षर. पण संगणकाच्या पोटात ते क, हलन्त, ष आणि वेलांटी अशा चार खुणांनी साठवलेले असते, आणि वेलांटी साठवतात शेवटी पण काढतात आधी. सगळ्या जगाच्या लिप्यांना एकाच संकेतात बसवणारी ‘युनिकोड’ ही व्यवस्था १९९१ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात देवनागरी पहिल्यापासून आहे. आपली मोडी २०१४ साली आली. संकेत आला तरी मांडणीचे काम उरतेच. ओळ तोडायची ती या चार खुणांच्या मध्ये तोडता येत नाही. शिवाय आपल्या ओळीला वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षराचे पाय. ओळीची उंची रोमनच्या मापाने धरली तर पानाच्या सांध्यावर कोठे अनुस्वार कापला जातो, कोठे उकार. ‘पाट’ आणि ‘पाटां’ यांत फरक एका टिंबाचा. ते टिंब कापले गेले की आप्पांच्या पुस्तकात सगळ्या गावाचे पाणी एका पाटात जायचे!

शिक्का हवाच

हे सगळे समजल्यावर मला एक शंका आली. मी विचारले, “मग पाने हवीत कशाला? सगळा मजकूर एकसंध, पानांशिवाय दाखवला तर?”

“तशीही सोय असते,” तो म्हणाला. “पण आजोबांना चालेल का ते विचारा.”

आप्पांना चालणार नव्हते. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची होती. पाटकरी, पान अमुक. सांडवा, पान तमुक. पाने गेली की सूची गेली. आणि त्याहून महत्त्वाचे, आप्पांची आठवण पानांवर बसलेली होती. “तो शब्द डाव्या पानावर वरच्या बाजूला आहे,” असे ते वहीबद्दल सांगत आणि तेथेच सापडे. आपणही असेच वाचतो. एखादे वाक्य पुस्तकात कोठे भेटले ते आपल्याला जागेसकट आठवते. निव्वळ वाहत्या मजकुराला अशी जागा नसते.

आणि त्याला शेवटही नसला तर काय होते, ते आपण रोज घरात पाहतो. बोटाने सरकवीत जावे तसे मोबाइलवर पुढे पुढे काही येतच राहते. ही युक्ती २००६ साली अझा रास्किन या अमेरिकन तरुणाने काढली. पुढे त्यालाच तिचा जाहीर पश्चात्ताप झाला. पान संपले की माणूस क्षणभर थांबतो, मान वर करतो, दूध उतू जात नाही ना ते पाहतो. पानच नसेल तर थांबायचे कोठे? आमच्या घरी या बाबतीत मुलांना बोलण्याचा अधिकार मी केव्हाच गमावला आहे, हे सौभाग्यवतींनी मला त्याच वेळी सुनावले.

तेव्हा मजकूर वाहता हवा, पण पान पुसता कामा नये. वाक्य सांध्यावर तुटता कामा नये, पण सांधा कोठे आहे हे दिसले पाहिजे. जुन्या कारकुनांनी नेमके हेच केले होते. कागद सलग डकवला आणि जोडावर शिक्का उठवला. मी हे सांगताच तो मुलगा उठून बसला. रात्री त्याने आपल्या साधनात फेरफार केला. दोन पानांमधला रुंद पांढरा समास वाचताना मिटवून टाकता येईल असे केले. तळाची ओळ आणि माथ्याची ओळ जवळजवळ आल्या, आणि मध्ये राहिली एक बारीक करडी रेघ. रेघेच्या उजव्या टोकाला वरच्या पानाचा आकडा, डाव्या टोकाला खालच्या पानाचा. छापताना समास जसाच्या तसा परत येणार. पानांची मांडणी एका अक्षरानेही बदलणार नाही.

लक्ष्मीपूजनाची सकाळ

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी आप्पा पुन्हा खुर्चीत बसले. या वेळी कळ नव्हती. उंदराच्या पाठीवरचे चाक होते. ते त्यांनी एकेक दात फिरवून पाहिले. मजकूर ओळी-ओळीने वर सरकू लागला, पाटातले पाणी सरकावे तसा, आवाज न करता. एकशे बारावे पान आले. तळाची ओळ पडद्याच्या मधोमध आली, करडी रेघ आली, आणि रेघेखाली वाक्याचा दुसरा तुकडा आला. त्यांनी चाक थांबवले. वाक्य सबंध वाचले. मोठ्याने वाचले. खोडलेला शब्द मी वहीतून पाहून आदल्या रात्रीच जागी बसवला होता. तो आला तेव्हा ते काही बोलले नाहीत. फक्त बोटाने पडद्यावर त्याच्याखाली रेघ ओढल्यासारखे केले.

त्या दिवाळीत आणि पुढच्या दोन महिन्यांत त्यांनी दोनशे चाळीस पाने पुरी केली. माझ्या चुका त्यांना पुष्कळ सापडल्या. त्यांपैकी ज्या पानांच्या सांध्यांवर होत्या, त्या पहिल्या पद्धतीने त्यांना सापडल्या नसत्या, असे मला वाटते. यंत्राची सोय म्हणजे चैन, अशी आपली एक समजूत असते. कधी कधी ती सोय म्हणजे एखाद्या माणसाला आपले काम पुरे करता येणे आणि न येणे एवढाच फरक असतो. त्या मुलाने वाचवला तो दर पानामागे फार तर दोन-तीन सेकंदांचा खोळंबा. पण ज्याची नजर मोजून शिल्लक आहे, त्याला तेवढा खोळंबा वाक्य तोडायला पुरतो.

आता आप्पांना मोठे अक्षरही लागत नाही. संध्याकाळी माझी धाकटी मुलगी संगणकापाशी बसून त्यांना त्यांचेच पुस्तक वाचून दाखवते. छापण्यापूर्वीची शेवटची तपासणी चालली आहे. ते डोळे मिटून ऐकतात. मध्येच हात वर करतात, ती चाक थांबवते.

“पान कितवे?” ते विचारतात.

“एकशे तेरा, आप्पा.”

“मागची ओळ?”

ती चाक एक दात मागे फिरवते आणि रेघेच्या वरची ओळ वाचते. ओळ जागेवर असते. आप्पा मान हलवतात, आणि पाणी पुढे सोडायला सांगतात.